तारणातला साज आणि १८ व्होल्टचा ड्रिल

कोल्हापूरजवळच्या कळंब्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो.

“वय ३८. सुतारकाम करतो. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट. हाताखाली दोघं. घरी बायको, दोन मुलं. सगळं जाऊन महिन्याला ४५ हजार हातात राहतात, जुलै-ऑगस्टला पावसामुळं निम्मे. लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं १८ व्होल्टचा पाच मशीनचा कॉर्डलेस सेट दाखवला: ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, जिगसॉ, कटर, ग्राइंडर, दोन बॅटऱ्या. नो कॉस्ट ईएमआयवर ६८ हजार, बारा हप्ते. रोख घेतला तर ६२. माझी जुनी वायरची मशीनं तो बदल्यात घ्यायला तयार आहे. दिवसाला दोन तास वाचले तर महिन्याला दहा हजार जादा सुटतील. शेजारच्या दुकानात ४८ व्होल्टचा सेट १८ हजारांतच आहे. कुठला घेऊ?

ता.क. सध्या थोडी ओढाताण आहे. बँकेतून घेतलेल्या पॉलिसीचा १,२०,००० चा तिसरा हप्ता फेब्रुवारीत आहे. पहिला शिलकीतून भरला, दुसरा भिशी उचलून. या वेळी बायकोचा साज आणि पाटल्या तारण ठेवून पैसे खात्यात आणून ठेवलेत. पॉलिसी एफडीसारखीच आहे. दहा वर्षं भरायचं, विसाव्या वर्षी २४ लाख, म्हणजे दुप्पट, शिवाय विमा फुकट. त्यामुळे तिची काळजी नाही.”

ड्रिलचं उत्तर खाली देतो. आधी ता.क. कारण ६८ हजारांसाठी तुम्ही पानभर लिहिलंत आणि बारा लाखांच्या व्यवहाराला चार ओळी दिल्यात, वर “काळजी नाही”.

दुप्पट हा शब्द ऐकला की पुढं एकच प्रश्न विचारायचा: किती वर्षांत? तुमचा पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं. सरासरी काढली तर साडेपंधरा वर्षं. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात त्या आकड्यानं बहात्तरला भागलं की अंदाजे व्याजदर मिळतो. तेव्हा बहात्तरला साडेपंधरानं भागा. साडेचार टक्के आणि वर थोडं. हाच तुमच्या “दुप्पट”चा व्याजदर. पीपीएफवर (बँकेत-पोस्टात उघडायचं सरकारी बचत खातं) सध्या ७.१ टक्के मिळतात. तो दर तसाच राहिला असं धरून हेच हप्ते तिथं टाकले असते, तर विसाव्या वर्षी ३५ लाखांच्या वर झाले असते. मधले अकरा लाख हीच तुमच्या “फुकट” विम्याची किंमत. आणि विमा तरी केवढा? अशा पॉलिसीत वर्षाच्या हप्त्याच्या दहापट, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. उद्या तुम्हाला काही झालं तर तुमच्या घराची जेमतेम अडीच वर्षांची कमाई.

आता यावर कळस. साडेचार टक्के मिळवण्यासाठी तुम्ही सोनं तारण ठेवलंत. व्याज लिहिलेलं नाही, महिना एक टक्का धरतो. १,२०,००० वर महिन्याला १,२०० रुपये. बारा टक्क्यांनी आणायचे आणि साडेचार टक्क्यांत ठेवायचे, हा धंदा तुम्ही प्लायवूडमध्ये केला असता का?

मला जास्त खुपतंय ते वेगळंच आहे. पहिला हप्ता शिलकीतून, दुसरा भिशीतून, तिसरा सोन्यातून. चौथा कशातून? वर्षाची तुमची कमाई पाच लाखांच्या आत-बाहेर. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा एका पॉलिसीला जातो. हा हप्ता तुम्हाला कधीच झेपणारा नव्हता, आणि विकणाऱ्यानं ते पाहिलं नाही. पाहणं हे त्याचं काम होतं.

तर करायचं काय? एक गोष्ट चांगली आहे: सोन्यावरचे पैसे अजून तुमच्या खात्यात पडून आहेत. ते भरू नका. उद्या सकाळी जाऊन कर्ज फेडा, साज आणि पाटल्या घरी आणा. जेवढे दिवस झाले तेवढं व्याज जाईल, ते सोडा. त्याच फेरीत बँकेतून हप्ता आपोआप कापण्याची संमती रद्द करा आणि पोच घ्या. हे विसरलात तर फेब्रुवारीत खात्यात जे काही असेल त्यावर हात पडेल.

मग विमा कंपनीला (बँकेला नव्हे) ईमेल करून दोन आकडे मागा: आज बंद केली तर हातात किती, आणि हप्ते थांबवून तशीच ठेवली, म्हणजे पेड-अप केली, तर मुदतीला किती. तुमची पॉलिसी फेब्रुवारी २०२४ ची दिसते. बंद करताना ग्राहकाच्या हाती जास्त पैसे यावेत म्हणून नियम सुधारले, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून. तुमची त्याआधीची. दोन हप्ते भरून तिसऱ्या वर्षात मोडली तर किमान हमी भरलेल्याच्या ३५ टक्के. २,४०,००० चे ८४ हजार. पोटात गोळा येईल, मला माहीत आहे. म्हणूनच मी “लगेच मोडा” म्हणत नाही. सोन्याचं कर्ज फिटलं की डोक्यावर महागडं देणं उरत नाही, आणि मग पेड-अप ठेवणं बरेचदा बरं पडतं: ८४ हजार फेब्रुवारीनंतर हातात, की अठरा वर्षांनी त्याच्या तीन-चार पट. कागदावरचा आकडा तिपटीहून कमी आला तर मोडा, जास्त आला तर राहू द्या. पण तिसरा हप्ता दोन्ही हिशेबांत बसत नाही. “आता दोन भरलेच आहेत तर...” हे वाक्य मनात येईल. ते दोन गेले, तिसऱ्याची भर कशाला घालायची?

पत्राच्या मी वर गाळलेल्या भागात तुम्ही लिहिलंय, बँकेतल्या माणसानं “एफडी प्लस” असं व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं. तो मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट जोडून विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, फसवून विकली म्हणून हप्ते परत मागा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल. कोल्हापूरसाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं समजून मात्र काही ठरवू नका. सही तुमची आहे, आणि पॉलिसी परत करायची सुरुवातीची मुदत केव्हाच उलटली.

या सगळ्यात तुमच्या हातांचा विमा कुठंच नाही. अक्षरशः हातांचा. माझ्याकडे एक मिस्त्री येतात, उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेलेली. ग्राइंडरला लाकूड कापायचं पातं लावलं होतं. ते पातं लाकडात अडकलं की मशीन उलटं फिरून हातावर येतं. सहा महिने घरी बसले, कमाई शून्य. अपघात विमा होता, पण तो फक्त मृत्यूसाठीचा. तेव्हा घेताना पाहा: कायमचं अंशतः अपंगत्व आणि कामावर जाता येत नाही त्या आठवड्यांची भरपाई, दोन्ही हवीत, आणि व्यवसायाच्या रकान्यात “सुतार, मशीनवर काम” असं स्वच्छ लिहायचं. वर्षाला चार-पाच हजारांत भागेल. बँकेतली २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही घ्या, दोन लाखांची असली तरी.

टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) ५० लाखांचा, साठीपर्यंत: दहा-बारा हजार. आयकराची विवरणपत्रं भरत असाल तरच कंपनी एवढा देईल, नसाल तर यंदापासून भरा. तंबाखूचा मावा खात असाल तर फॉर्मवर लिहा. हप्ता दीडपट होईल, होऊ दे. लपवलेल्या माव्यावरून दावा अडला तर तो तुमच्या बायकोला लढावा लागेल. घरच्या चौघांचा आरोग्य विमा वीस-पंचवीस हजार. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार होतात, पण ठरलेल्या रुग्णालयात ठरलेलेच, म्हणून स्वतःचा हवाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीच्या आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा. सगळं मिळून चाळीस हजार. म्हणजे त्या एका पॉलिसीच्या तिसऱ्या हिश्श्यात.

आता ड्रिल.

४८ व्होल्टचा सेट विसरा. बॅटरीत लिथियमचे सेल असतात, एकेक ३.६ व्होल्टचा. पाच जोडले की १८. पूर्ण चार्ज झाल्यावर तोच आकडा वीस-एकवीस दिसतो, म्हणून कुणी १८ लिहितं, कुणी २०. दोन्ही एकच. पण आकारानं तेवढ्याच बॅटरीवर ४८ किंवा ८८ छापलेलं असेल तर तो नुसता स्टिकर आहे. बॅटरीवरचा ४८ आणि पॉलिसीवरचा “दुप्पट” एकाच छापखान्यातले.

व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर (बॅटरीवर Ah म्हणून छापलेला आकडा) करा. १८ गुणिले ४ म्हणजे ७२ वॅट-अवर. एवढंच पाणी टाकीत आहे. स्क्रू मारताना, बिजागरी-चॅनेल बसवताना मशीन थोडं थोडं खातं, एका बॅटरीवर बराच वेळ काम निघतं. कटर जोरात चालला की सातशे-आठशे वॅट ओढतो: पाच-सहा मिनिटांत टाकी रिकामी. दोन बॅटऱ्यांवर पाच मशीनं म्हणजे पाच पोरांत दोन सायकली. तेव्हा कटर, ग्राइंडर, राउटर, रंधा हे सगळं वायरवरच राहू द्या. आणि जुनी मशीनं बदल्यात अजिबात देऊ नका. दुकानदार त्यांचे फार तर चार-पाच हजार लावेल, नवी घ्यायला तुम्हाला त्याच्या कितीतरी पट लागतील.

तुमचं कॉर्डलेसचं खरं काम फिटिंगचं: शिडीवर, ओट्याखाली, मीटर न बसलेल्या नव्या फ्लॅटमध्ये. त्याला दोन मशीनं पुरतात, ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर, ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरची, सोबत ४ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या आणि चार्जर. नावाजलेल्या कंपनीचं असं जोडकाम बावीस-पंचवीस हजारांत बसतं. पुढं जिगसॉ लागला तर त्याच कंपनीचं, त्याच बॅटरीचं नुसतं मशीन घ्यायचं. कारण इथं तुम्ही मशीन निवडत नाही, बॅटरीचं घराणं निवडता. एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत नाही, आणि नंतर घराणं बदलायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून. म्हणून घ्यायच्या आधी दोन चौकश्या करा: त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे का, आणि सुटी बॅटरी केवढ्याला मिळते. रोज वापरात बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, नवी पाच ते आठ हजारांना. महिन्याला चारशे-पाचशे बाजूला ठेवा, नाहीतर तेव्हा पुन्हा ईएमआय. स्वस्तातली नकली बॅटरी घेऊ नका, आत तापमान मोजणारी व्यवस्था धड नसते आणि तुमच्या शेडमध्ये भुसा आणि थिनर आहे. बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नका, एप्रिल-मेत टेम्पोच्या डॅशबोर्डवर सोडू नका, आणि पूर्ण उतरवूनच चार्ज करायची ही जुनी सवय मोडा. ती निकेल-कॅडमियमच्या काळातली. पावसाळ्यात काम थंडावलं की निम्म्या चार्जवर ठेवून द्या.

नो कॉस्ट ईएमआय. रोख ६२, हप्त्यांनी ६८. सहा हजार जादा. कर्ज दर महिन्याला कमी होत जातं हे धरलं तर हे व्याज सतरा-अठरा टक्क्यांच्या घरात जातं, प्रोसेसिंग फी वेगळी. तुमच्या सोन्याच्या कर्जाहून महाग.

दोन तासांचा हिशेब मला पटत नाही. फिटिंगचे दिवस महिन्याला बारा धरू, दर दिवशी चाळीस मिनिटं वाचली, तर आठ तास. एक दिवस. मिस्त्रीची हजेरी हजार-बाराशे, म्हणजे महिन्याला हजारभर. तेही त्या दिवशी दुसरं काम हातात असेल तरच, कारण तुम्ही स्क्वेअर फुटावर घेता, तासावर नाही. या दरानं पंचवीस हजारांचं जोडकाम दोन वर्षांत फिटतं. ठीक आहे, घ्या. बासष्ट हजारांचा सेट फिटायला पाच वर्षं, आणि तोवर बॅटऱ्या एकदा तरी बदललेल्या असतील.

घ्यायच्या आधी जवळच्या सीएससी केंद्रात (सरकारी योजनांचे अर्ज भरून देणारं केंद्र) प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. पडताळणी आणि काही दिवसांचं प्रशिक्षण झालं की अवजारांसाठी १५ हजारांचं ई-व्हाउचर आणि पाच टक्क्यांनी एक लाखापर्यंत विनातारण कर्ज, अठरा महिन्यांत फेडायचं. घरटी एकालाच मिळतं, आणि मुद्रा या सरकारी योजनेचं कर्ज चालू असेल तर नाही. वेळ लागतो. तोवर जुन्या ड्रिलनं काम चालवा. फार घाई असेल तर पुढची भिशी उचला, पण आरोग्य विम्याचा पहिला हप्ता भरल्यावर.

हप्त्याच्या तारखेनंतर सवलतीचे ३० दिवस असतात. त्या दिवसांत बँकेतून रोज फोन येईल: पॉलिसी बंद पडेल, सगळं बुडेल. “पेड-अपचा आकडा लेखी पाठवा” एवढंच म्हणा आणि ठेवा. तो आला की पॉलिसी क्रमांक झाकून त्या पानाचा फोटो मला पाठवा.