वाढीव वॉरंटी घ्यावी, की बॅटरीसाठी पैसे बाजूला ठेवावेत?

नव्या मोबाइलबरोबर, त्याच्या किमतीच्या सुमारे एक दशांश रक्कम भरून दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. फोन चार वर्षे वापरायचा आहे आणि खरी काळजी बॅटरीची आहे, असेही आपण लिहिता. केवळ त्या काळजीपोटी ही वॉरंटी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वॉरंटी निर्मितीतील दोषासाठी असते, वापराने होणाऱ्या झिजेसाठी नसते. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता चार्जिंगच्या प्रत्येक आवर्तनागणिक (एक आवर्तन म्हणजे बॅटरीच्या पूर्ण क्षमतेइतका एकूण वापर) किंचित घटते, उष्णतेमुळे ती अधिक लवकर घटते, आणि ही घट अटळ असल्यामुळेच कंपन्या सहसा ती वॉरंटीतून वगळतात. अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ व त्याआधीच्या मॉडेलांची बॅटरी आदर्श परिस्थितीत ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता राखते. रोज एक आवर्तन धरले, तर हा टप्पा दीड वर्षाच्या आतच येतो. वाढीव वॉरंटीत बहुधा मूळ अटींचीच मुदत वाढते, त्यामुळे जे आधी वगळलेले होते ते पुढेही वगळलेलेच राहते. पाण्याने झालेले नुकसान आणि फुटलेला स्क्रीन यांचेही सहसा तसेच. फोन जलरोधक म्हणून विकला गेला असला, तरी आतली ओलावादर्शक पट्टी लाल झाली की दावा नाकारला जाऊ शकतो.

मात्र काही योजनांत, उदाहरणार्थ अ‍ॅपलकेअर प्लसमध्ये, क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेल्यास बॅटरी बदलून मिळते. आपल्या योजनेत असे कलम लेखी असेल, तर माझे मत बदलेल. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर मात्र पैसे भरू नयेत. अपघाती नुकसानीचे संरक्षण हवे असेल, तर प्रत्येक दाव्यामागे आपल्याला किती रक्कम भरावी लागेल, हेही पाहावे.

अन्यथा अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलण्याचा खर्च आजच विचारून घ्यावा. तो वॉरंटीच्या रकमेपेक्षा कमी असेल, आणि पुष्कळदा तो असतो, तर तेवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत. ते तिसऱ्या वर्षी नव्या बॅटरीसाठी वापरता येतील आणि गरज पडली नाही तर आपल्याकडेच राहतील.

मूळ वॉरंटी संपण्याच्या महिनाभर आधी सेटिंगमध्ये बॅटरीची स्थिती तपासावी. पुरेसे चार्जिंग असूनही फोन अचानक बंद पडत असेल, तर तो निर्मितीदोष असू शकतो; त्याची लेखी तक्रार मुदतीतच नोंदवून पोच घ्यावी. बॅटरी फुगलेली दिसल्यास मात्र मुदतीचा विचार न करता वापर आणि चार्जिंग त्याच क्षणी थांबवावे.