पोमेसचा डबा आणि घशातला ठसका

प्रश्न : गेल्या वर्षी यजमानांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून फोडणी आणि तळण ऑलिव्ह पोमेस तेलात करते. त्यातली अँटिऑक्सिडंट्स हृदयापर्यंत पोहोचतात का? नुकतीच एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाची बाटली आणली, ती कडू लागते, घशात ठसका बसतो. खराब निघाली का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खराब नाही, बहुधा चांगली निघाली. कडूपणा ऑलिव्हमधल्या पॉलिफेनॉल्सचा, म्हणजे तुम्ही विचारलेल्या अँटिऑक्सिडंट्सचा, आणि घशातली चुरचुर त्यांच्यातल्याच ओलिओकँथालची. खराब तेल ठसका देत नाही, त्याला जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास येतो.

पोमेसची गोष्ट वेगळी. एक्स्ट्रा व्हर्जिन फळं नुसती दाबून काढतात. असं तेल काढल्यावर जो चोथा उरतो, त्यातलं तेल द्रावक वापरून काढतात आणि मग रिफाइन करतात. त्यात पॉलिफेनॉल्स जवळपास संपतात. उरतं ओलेइक आम्ल, म्हणजे तेलातल्या चरबीचाच एक घटक; ते शेंगदाणा तेलातही भरपूर असतं. मग त्यासाठी जादा पैसे कशाला?

रक्तातल्या एलडीएलचं, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचं, ऑक्सिडेशन झालं की रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी ते गिळून फुगतात आणि तिथे थर साचायला लागतो. ऑलिव्हमधलं हायड्रॉक्सीटायरोसॉल हे पॉलिफेनॉल आणि त्याच्या जातीची संयुगं हे ऑक्सिडेशन रोखायला मदत करतात. युरोपीय संघाच्या २०१२च्या नियमानुसार असा दावा लेबलवर करायचा, तर २० ग्रॅम तेलात ही संयुगं किमान ५ मिलिग्रॅम हवीत, आणि रोज २० ग्रॅम तेल पोटात गेलं तरच हा फायदा, हेही लिहावं लागतं. २० ग्रॅम म्हणजे साधारण २२ मिली, दीड टेबलस्पून. एका माणसाला महिन्याला ६५० मिलीच्या आसपास.

यजमानांसारख्या रुग्णांवरचा अभ्यास स्पेनमध्ये कोर्दोबाला झाला. निष्कर्ष २०२२मध्ये आले. हृदयविकार असलेले १००२ रुग्ण, ७ वर्षं. एक्स्ट्रा व्हर्जिन मुबलक असलेला भूमध्यसागरी आहार कमी चरबीच्या आहारापेक्षा सरस ठरला. पण तिथे भाज्या, मासे, कडधान्यंही होती. सगळं श्रेय बाटलीला देता येत नाही. डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी तर तेलाच्या भरवशावर मुळीच बंद करू नका.

तळण कमी करा, फोडणी शेंगदाणा तेलाची चालू द्या. एक्स्ट्रा व्हर्जिन कोशिंबिरीवर किंवा गॅस बंद केल्यावर भाजीवर घाला. उष्णतेने ते विषारी होत नाही, पॉलिफेनॉल्स मात्र घटतात. सगळ्यात जास्त चूक होते ती इथे: नेहमीचं तेल तेवढंच ठेवून वरून हे ओततात. दीड टेबलस्पूनचे साधारण १८० कॅलरी होतात, तेवढं दुसरं तेल-तूप कमी करायलाच हवं. ‘लाइट’ लिहिलेल्या तेलात कॅलरी तेवढ्याच. हलका असतो तो रंग आणि वास.

विकत घेताना गडद काचेची बाटली पाहा, फळं तोडल्याची तारीख छापलेली असेल तर उत्तम. शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नका. आणि एकदा उघडली की दीड-दोन महिन्यांत संपवा.