बूट उंबऱ्याशी, पुडी घराबाहेर

बाळा, पहाटे फिरायला यायचं ठरवलंस, लई बरं केलंस. पण नुसत्या निश्चयावर भिस्त ठेवू नको. रात्रीच बूट-मोजे उंबऱ्याशी काढून ठेव. मोबाईल उशाशी नको, स्वयंपाकघरात ठेव. गजर बंद करायला उठावंच लागेल.

तंबाखूचं मात्र नीट ऐक. मी बावीस वर्षं खाल्ली. पुडी खिशात असली की हात आपोआप जायचा, ध्यानातही यायचं नाही. शेवटी खिशात, घरात पुडी ठेवणंच सोडलं, टपरीवरून जाणारा रस्ता बदलला, खिशात भाजलेली बडीशेप आली. तलफ यायची, पण टपरीपर्यंत चालायचं म्हटलं की तेवढ्यात ओसरायची.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आठवतं ना? तेव्हा नळाखाली भांडी घासायची आमची सवय कुणाच्या भाषणानं गेली नाही. नळच कोरडे होते, घागरीतून मापून घ्यावं लागायचं.

एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, तो हिशोब धरू नको. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला तर मनाला लावून घेऊ नको, दुसऱ्या दिवशी ये. उद्या पाचला मारुतीच्या पारावर थांबतो.