नानांना विचारा : अर्ध्या शटरचं शहर

प्रश्न : यजमानांच्या बदलीमुळे जानेवारीत पुण्याहून जळगावला आले. दुपारी काही आणायला बाहेर पडावं तर निम्म्या दुकानांची शटरं खाली. शेजारच्या काकूंनी पहिल्याच भेटीत यजमानांचा पगार विचारला. सुट्टीच्या दिवशी कुठे जायचं म्हटलं की सगळे गांधी तीर्थ आणि मेहरूण तलाव सांगतात. दोन्ही पाहून झाले. या शहरात पाहण्यासारखं नक्की काय आहे?
– एक वाचक, महाबळ, जळगाव

ताई, एक ते चार या वेळात इथे उन्हात बाहेर पडायचं नसतं, हे तुम्हाला शेजारच्या काकूंनी सांगायला हवं होतं. पगाराच्या आधी. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. दुकानदार शटर अर्धं ओढतो, कूलर लावतो आणि गादीवरच आडवा होतो. पण अर्धं शटर म्हणजे दुकान बंद नव्हे. वाकून आत आवाज द्या, माल मिळतो. पूर्ण खाली ओढलेलं असेल तरच मागे फिरा.

आता पाहण्याचं. हे गाव कुणी पाहायला येईल म्हणून वसलेलंच नाही. रेल्वे आली, तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, विलायतेतल्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला भाव आला. त्या धांदलीत जळगाव मोठं झालं. माणसं इथे काही विकायला येतात, काही घ्यायला येतात आणि शेवटच्या एसटीने परत जातात. म्हणून रात्री रस्ते लवकर रिकामे होतात. गर्दीतली निम्मी माणसं तोवर यावल, चोपडा, एरंडोलला आपापल्या घरी जेवायला बसलेली असतात. तेव्हा मी तुम्हाला ठिकाणं कमी सांगतो, वेळा जास्त सांगतो.

लग्नसराईत सकाळी साडेदहाला फुले मार्केटकडे जा. साडीच्या दुकानात गादीवर बसूनच माझं आयुष्य गेलं, त्यामुळे याबाबतीत माझा शब्द धरायला हरकत नाही. दुकानासमोर एक क्रूझर थांबते आणि तिच्यातून माणसं उतरतच राहतात. बस्ता बांधायला आलेलं घर. नवरीची आई गप्प असते, बोलते ती आत्या. नवरी शालूच्या रंगावर एकदाच मान हलवते आणि मग मोबाइलमध्ये शिरते, कारण तिला ठाऊक असतं की पुढचे चार तास तिचे नाहीत. खरी लढाई मानपानाच्या साड्यांची. नवरदेवाच्या मोठ्या काकूला अमुक किमतीची दाखवली तर धाकटीला किती रुपये कमीची दाखवायची, हे गणित भल्या भल्या हिशेबनिसाला जमायचं नाही. आत्या कापड बोटांत चुरगाळून बघते आणि आवाज खाली आणून विचारते, "काय भाव शे भाऊ?" हा आवाज खाली आला की समजावं, साडी पसंत पडली. दाराजवळ एक म्हातारे आजोबा चपला सांभाळत बसलेले असतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. अगदी शेवटी, बिल होताना, कुणाला तरी टॉवेल-टोपीची आठवण येते.

तिथून ही मंडळी सराफ बाजारात जातात. तुम्हीही जा, घ्यायचं काही नसलं तरी. राजमल लखीचंद ही पेढी 1854 सालची, म्हणजे इथे रेल्वे येण्याच्याही आधीची. जळगावच्या सोन्याचं नाव असं की बऱ्हाणपूर आणि बुलढाण्याकडची लग्नघरंही दागिन्यांसाठी इथे उतरतात.

दुसरी वेळ पहाटेची. आत्ता एप्रिल-मे आहे, तर एखाद्या दिवशी ऊन चढायच्या आत आपल्या गच्चीवर जाऊन आजूबाजूच्या गच्च्या बघा. कुठे ना कुठे खाटेवर धोतर किंवा प्लास्टिकचा कागद पसरून बाया बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापत असतील. ज्वारीचं पीठ, तीळ, लसूण. घाटा, म्हणजे शिजवलेलं पीठ, गरम असतो तोवरच थापावा लागतो, म्हणून एकटीचं काम नाही. चार शेजारणी लागतात. नुसतं बघत उभ्या राहिलात तर हातात पाण्याची वाटी येईल. मागे सरू नका.

तिसरी वेळ कार्तिकी एकादशी. त्या दिवशी पुण्याला जाण्याचा बेत असेल तर बदला. जुन्या गावातल्या राममंदिराचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी 1872 साली सुरू केलेला हा उत्सव. सगळे रथावरच्या मूर्तीकडे बघतात, तुम्ही चाकांकडे बघा. अवजड लाकडी रथ, अरुंद गल्ल्या, आणि त्याला वळवायला-थांबवायला चाकाखाली मोगरी घालणारे पुरुष. मोगरी म्हणजे लाकडाचा दांडगा ठोकळा. अर्धा क्षण चुकला तर हात जायचा. भिलपुऱ्यात रथ थांबतो आणि लालशाह बाबांच्या दर्ग्यावर चादर चढवली जाते. हे कुणी भाषणात सांगण्यासाठी करत नाही, रस्ता तिथून जातो आणि रीत तशी आहे. घरी परतायला रात्र होईल, पायांत जुन्या चपला घाला.

राहिला काकूंचा प्रश्न. पगार विचारला म्हणून रागावू नका. तुम्ही त्यांच्या मुलाचा विचारा, त्या अगदी खुशीने सांगतील, वर भत्तेही सांगतील. हिवाळ्यात याच काकूंकडून भरताचा डबा येईल. वांगी बामणोदची असली आणि कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचलेली असली, तर तो डबा संपेपर्यंत यजमानांना सांगू नका. फक्त रिकामा परत करू नका, एवढं पाळा.

प्रश्न : मी शहाद्याचा. शिकायला जळगावला आलोय. मेसमध्ये शेवभाजी म्हणून जे देतात ते घशाखाली उतरत नाही, शेवेचा पार लगदा झालेला असतो. घरच्यासारखी कुठे मिळेल?
– एक विद्यार्थी

बाबा, हॉटेलचं नाव मी देणार नाही. दिलं की पुढच्या महिन्यात तिथली चव बिघडते, हा माझा अनुभव. खूण सांगतो. रस्सा लाल दिसला तर उठून ये. भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं आणि खडा मसाला असला की रस्सा काळपटच दिसतो. शेव जाड आणि तिखट हवी, ती ताटात आल्यावर पडली पाहिजे. मेसवाल्याला गोडीत सांग, "भाऊ, शेव अलग द्या." त्याचंही काम वाचतं, तो नाही म्हणणार नाही. आणि घरून येताना आईकडून काळा मसाला आणून ठेव. परीक्षेत तोच कामाला येतो.

प्रश्न : नाना, तुमच्या सदरात कायम जळगाव. धुळं काय खानदेशात नाही?
– एक धुळेकर

आहे ना भाऊ, आणि मानाने मोठं आहे. 1906 साली पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे होईपर्यंत सगळ्या खानदेशाचा कारभार धुळ्यातूनच चालायचा. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने 1819 मध्ये ते ठाणं केलं, सरळ रेषेत रस्ते आखले आणि बऱ्हाणपुरासारख्या ठिकाणांहून व्यापारी बोलावून वसवले. म्हणून तर तुमच्याकडे पत्ता सांगताना गल्ली नंबर सांगितला की माणूस थेट दारात येतो. आमच्याकडे "पिंपळाच्या पुढे, डावीकडचं दुसरं" असं सांगावं लागतं, आणि तो पिंपळ कधीच तोडलेला असतो. इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. जळगावात सोनं जपतात, तुम्ही कागद जपलेत, हे मी जळगावात बसून कबूल करतो.

पण मला धुळ्यातल्या साडीच्या दुकानांपलीकडे फारसं कळत नाही. तेव्हा तक्रार करण्यापेक्षा असं करा, कोणत्या गल्लीत सकाळी काय चांगलं मिळतं आणि पाचकंदीलच्या बाजारात कोणत्या वेळी पाय ठेवायलाही जागा नसते, ते सविस्तर लिहून पाठवा. मी ते तुमचा गल्ली नंबर गाळून छापतो.