पगाराच्या दिवशी लांबचा रस्ता

"सलाम काकू," अशी सुरुवात करून कॅनडातल्या मिसिसॉगाहून एका इंदूरकराने चार पानी पत्र धाडलंय. चार पानांत चार प्रश्न. त्यातल्या एकालाच मी आज धरून बसणार आहे, आधीच सांगते.

तो लिहितो: "सकाळी दहाला इथे आयपीएलची मॅच सुरू होते. आधी नुसता स्कोअर बघायचो. मग गंमत म्हणून पाच डॉलर लावले. आता एका मॅचला कधी दोनशे जातात, कधी चारशे. रोज सकाळी गुडघे टेकून शपथ घेतो, की आज नाही. आणि साडेदहाला ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन अ‍ॅप उघडतो. बायकोला यातलं काही माहीत नाही. काकू, माझा विश्वासच कमी पडतोय का?"

विश्वास ठीक आहे रे बाळा, अक्कल थोडी कमी पडतेय. रागावू नकोस. बावीस वर्षं मीही तिकडेच काढली आहेत. घरी कुणाला कळणार नाही, या एका गोष्टीने परदेशात माणूस किती सैल होतो, ते मला ठाऊक आहे. आपल्या लहानपणी सट्टा लावायचा तर तोंड लपवून गल्लीत शिरावं लागे, आणि पानवाल्यापासून चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत सगळ्यांना संध्याकाळच्या आत खबर लागे. ४ एप्रिल २०२२ पासून तुमच्या ऑन्टॅरिओ प्रांताने खासगी कंपन्यांना ऑनलाइन बेटिंगची मुभा दिली. आता ती गल्लीच तुझ्या खिशात आली आहे, आणि तिथे ओळखीचं कुणी उभं नाही.

पण तुझी खरी चूक वेगळीच आहे. तू शपथ घेतोस. शपथ वाहूच नका, असं प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात स्पष्ट सांगितलंय, ते का? त्याच्या शिष्याकडे, पेत्राकडे बघ. मरावं लागलं तरी तुम्हांला नाकारणार नाही, म्हणाला, आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारून मोकळा झाला. मधल्या वेळात बागेत त्याला जागं राहून प्रार्थना कर म्हटलं होतं, तर गडी झोपला होता. शपथ घेतली की माणसाला वाटतं, काम झालं.

पैशाचा लोभ सगळ्या वाईटाचं मूळ, असं प्रेषित पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला पत्रात लिहिलं, ते तुला पाठ असेल. त्याच्या लगेच पुढचं वचन वाचलंस का? तिथे तो म्हणतो, पळ. युद्धाची भाषा आहे, पण ती त्याच्याही नंतर. पोटीफरच्या घरात त्याची बायको मागे लागली, तेव्हा योसेफ वाद घालत उभा राहिला नाही, झगा तिच्या हातात सोडून पळाला. त्यासाठी तुरुंगात गेला हेही खरं, पण तो वेगळा विषय.

आमचे बाबा मिलमध्ये होते. आम्ही परदेशीपुऱ्यात राहायचो (नावातच सगळं आलं, इंदूरचे मराठी लोक असेही दोनदा परदेशी). मिलपासून घरापर्यंतच्या सरळ रस्त्यावर कलाली, म्हणजे दारूचं दुकान होतं. बाबा तरुणपणी तिथे बसत. दारू सोडली, पण सोडली म्हणून कधी मिरवले नाहीत. पगाराच्या दिवशी मला मिलच्या फाटकाशी बोलवायचे. मी नऊ वर्षांची. भोंगा झाला की ते बाहेर येत, खाकी पाकीट न मोजता माझ्या दप्तरात, गणिताच्या वहीत ठेवत आणि म्हणत, "चल, आता मी भिकारी." मग आम्ही पाटनीपुऱ्याकडून वळसा घालून घरी. पाय दुखायचे माझे. बरोबरचे कामगार हसत, "क्यों भिया, आज फिर लंबा रास्ता?" बाबाही हसत. एकदा मी विचारलं, तुम्ही तर प्रार्थना करता, मग त्या रस्त्याने का नाही जायचं? म्हणाले, "प्रार्थना करतो म्हणून तर हा रस्ता सुचतो."

तेव्हा तुझ्या प्रार्थनेतलं व्याकरण जरा तपास. प्रभूने शिकवलेली प्रार्थना 'मला परीक्षेत आणू नकोस' अशी नाही, 'आम्हांला' अशी आहे. तू मात्र वॉशरूममध्ये एकटा, एकवचनात झुंजतोयस. आज रात्री मुलं झोपली की बायकोला सांग. सगळा आकडा सांग, निम्मा नाही. ती चिडेल, रडेल, दोन दिवस बोलणार नाही. चिडू दे, तिचा हक्क आहे. मग कार्ड तिच्या हातात दे. तिकडे प्रत्येक अ‍ॅपला गिऱ्हाइकाने स्वतःवर बंदी घालून घ्यायची सोय नियमाने ठेवावी लागते, ती तिच्यासमोर बसून वापर. कनेक्स ऑन्टॅरिओ ही व्यसनातून सुटायला मदत करणारी हेल्पलाइन आहे, तिला फोन कर. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि नाव सांगावं लागत नाही. ही मदत घेतली म्हणजे देवावरचा भरवसा उडाला, असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव.

मी काही संत नाही. मला साखर आहे आणि मी इंदूरच्या सराफ्यापासून, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारापासून दहा मिनिटांवर राहते. रात्री जलेबीचा वास आला की माझं सगळं शास्त्रवाचन पातळ होतं. पूर्वी पर्स घरी ठेवून जायची सोय होती, आता गराडूवालासुद्धा फोनवर पैसे घेतो. म्हणून फोन सुनेकडे देऊन फिरायला जाते. सून गालातल्या गालात हसते. हसू दे.

उरलेले प्रश्न. मुलगी मराठी उपासनेला यायला कुरकुर करते: चौदा वर्षांची आहे, करणारच. तिला पेटीवर बसव, वाजवायला मिळालं की येईल. ऑफिसच्या पार्टीत वाइनला नाही कसं म्हणायचं: 'नको' म्हणायचं, तिथे कुणी आग्रह करत नाही, आग्रह आपल्याकडच्या लग्नांत. आईला तिकडे नेऊ का: आईला विचारलंस का?

इकडे संध्याकाळी साडेसातला नातू टीव्ही लावतो, तेव्हा तुझ्याकडे दहा वाजलेले असतात, हे आता माझ्या डोक्यात बसलंय. नाव लिहिलं नाहीस, म्हणून मी 'मिसिसॉगाचा मुलगा' एवढंच म्हणते आणि डोळे मिटते. तू त्या वेळी फोन टेबलाच्या खणात टाक आणि जिन्याने खाली जाऊन इमारतीला एक फेरी मारून ये. बर्फ असला तर कोट घाल.