वडिलांवर लिहायचंय, तर आधी डीपीपाशी जा

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी तू पाठवलेलं दीड पान वाचलं. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, प्रेमळ. तिन्ही शब्द खरे असतील, पण हेच शब्द तलाठ्याला लागतात, कंडक्टरला लागतात, गुरुजींनाही लागतात. वडील लाइनमन होते हे दीड पानात एकदाच येतं, तेही 'वीज मंडळात नोकरीस होते' एवढंच. ते पान बाजूला ठेव.

आधी ट्रंक उघड. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर 'तारतंत्री' आहे की 'वीजतंत्री' ते बघ. दोन्ही ट्रेड वेगळे. नेमणुकीचा आणि बदल्यांचे आदेश तारखेनुसार लाव. ६ जून २००५ च्या आधीच्या कागदांवर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ असेल, नंतरच्या कागदांवर महावितरण. म्हणून दोन नोकऱ्या केल्या असं लिहून बसू नकोस. मंडळाचे तुकडे झाले; माणूस तोच, खांबही तेच. गावानं तर अजून 'बोर्ड' सोडलेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला त्यांची नेमणूक औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यात कुठे होती का, हे आवर्जून तपास. किल्लारीचा भूकंप झाला ती पहाट गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची. त्या वेळी ते तिथे असतील, तर सोबतच्या कर्मचाऱ्याला गाठून त्या आठवड्यात नेमकं काय केलं ते विचार. नसतील, तर किल्लारीचं नाव लेखात आणू नकोस.

मग रानातल्या डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जा. पाटीवर केव्हीए, म्हणजे तिची क्षमता, लिहिलेली असते. समज, १०० केव्हीएची आहे. तिला एका फेजवर साधारण १३३ अँपिअर झेपतात. पाच एचपीची मोटर सात-साडेसात घेते, म्हणजे हिशेबानं अठरा मोटारी. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत तिच्यावर किती चालायच्या ते एखाद्या जुन्या शेतकऱ्याला विचार. त्यात प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो, म्हणजे मोटर आपोआप चालू करणारा स्विच. लाइट आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, आणि उठताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. फ्यूज उडतो. उडायलाच पाहिजे, त्याचं कामच ते. पण दोन-तीनदा उडाला की कुणीतरी किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या चिनी मातीच्या खोबणीत, फ्यूजच्या तारेऐवजी ॲल्युमिनियमच्या तारेचा जाड पदर अडकवतो. आता फ्यूज उडत नाही, गरम होतं ते आतलं वाइंडिंग. डीपी जळते, दुसरी येईपर्यंत पाण्याची पाळी चुकते आणि शिव्या वायरमनला. त्यांनी किती वेळा तो पदर काढून योग्य मापाची तार घातली, त्यासाठी कुणाशी वाईटपणा घेतला, हे गावात सांगणारं कुणी ना कुणी असेल. 'कर्तव्यदक्ष' लिहायचं होतं ना तुला? ते इथे आहे.

मृगाच्या पहिल्या सरीबद्दलही विचार. लोकांना वाटतं मोठ्या पावसात लाइट जाते. खरा त्रास पहिल्या भुरभुरीचा. उन्हाळाभर इन्सुलेटरवर बसलेली धूळ ओली होते, तिच्यातून करंट झिरपतो आणि फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेली लाइन, ट्रिप होतो; मोठा पाऊस ती धूळ धुऊन तरी नेतो. तडकलेला पिन इन्सुलेटर तर दिवसा खालून दिसतही नाही. मग लाइन मधोमध तोडायची: मधला एबी स्विच, म्हणजे खांबावरचा लाइन तोडायचा स्विच, उघडून उपकेंद्राला अलीकडचा भाग चार्ज करायला सांगायचं. टिकला, तर फॉल्ट पलीकडे. पलीकडच्या भागाचे पुन्हा दोन तुकडे. काळ्या रानात मोटारसायकल बांधावरच राहते, पुढे चिखलातून पायी. 'रात्रंदिवस राबले' यापेक्षा एका फीडरचं नाव आणि चाललेले खांब लिही.

एक चूक मात्र करू नकोस. चालू लाइनवर हात घालायचे, असं कौतुकानं लिहू नकोस. नेमानं काम करणारा माणूस उपकेंद्रातून परमिट, म्हणजे लाइन बंद करून कामाची लेखी परवानगी, घेतो, एबी स्विच उघडतो आणि तिन्ही पाती उघडली का हे मान वर करून डोळ्यांनी बघतो, कारण हँडल खाली येऊनही एखादं पातं चिकटून राहतं. टेस्टर लावून लाइन मेली याची खात्री करतो. मग डिस्चार्ज रॉडचं, म्हणजे तारा जमिनीशी जोडणाऱ्या दांड्याचं, जमिनीकडचं टोक आधी जोडतो, तारांवर नंतर टाकतो, काढताना उलट. जिथे काम, तिथे दोन्ही बाजूंना, कारण मांडवातला जनरेटर मागून कधी करंट पाठवील सांगता येत नाही. परमिट ज्याच्या नावावर, परत त्यानेच करायचं. एवढं सगळं करायला वेळ लागतो आणि खाली गर्दी ओरडत असते. तुझे वडील धडधाकट निवृत्त झाले, ते या वेळखाऊपणामुळे. त्याला एक परिच्छेद दे. आणि हो, लाइनचा दाब लिहिशील तर अकरा हजार व्होल्ट, वॅट नव्हे.

घरचं आईला विचार, पण 'बाबा कसे होते' असं विचारलंस तर ती रडेल आणि 'चांगले होते' म्हणेल. बारीक विचार. मोबाइल नव्हता तेव्हा लोक दारात कुठून हाक मारायचे? ताट झाकून किती वाजेपर्यंत ठेवायची? येळवशीला, वेळा अमावास्येला, सगळं गाव रानात भज्जी-आंबील खात असताना ते पंगतीत असायचे की कुठल्या डीपीवर? तुझ्या बहिणीच्या लग्नात लाइट गेली होती का, आणि गेली तर नवरीचा बाप कुठे होता? उत्तरं तिच्याच शब्दांत उतरव, शुद्ध करू नकोस.

शेवटी त्यांची पक्कड शोध. मुठीवरचं प्लास्टिक अंगठ्यापाशी किती झिजलंय, वर चिकटपट्टी गुंडाळलीय का ते बघ. पक्कड उघडून तार कापायची धार उजेडाकडे धर. तिथे छोटी अर्धगोल वितळलेली खाच दिसली, तर ती दोन जिवंत तारा एकदम कापल्याची खूण. म्हणजे कधीतरी त्यांचाही अंदाज चुकला होता. तेही लिही, कधी, कुठे ते कळलं नाही, तर फक्त खाच लिही. मुखपृष्ठावर हार घातलेल्या फोटोऐवजी तिचा फोटो लाव. दिवसाच्या उजेडात काढ, फ्लॅशनं लोखंड चमकतं आणि खाच हरवते.

खर्डा झाला की आधी आईला वाचून दाखव. 'असं नव्हतं' म्हणेल तिथे पेन्सिलनं खूण कर, आणि मग मला पाठव.