सत्तरीतल्या आईला व्हिडिओ गेम खेळवून तिचं पडणं खरंच कमी होतं का?

तुमच्या आई ७१ वर्षांच्या आहेत, वर्षभरात दोनदा घरातच पडल्या, आणि फिजिओथेरपिस्टने टीव्हीसमोर उभं राहून खेळायचा गेम सुचवलाय. यात तथ्य आहे की नुसताच खर्च, आणि मोबाईलवरचा गेम चालेल का, असं तुम्ही विचारलंय. तथ्य आहे. मोबाईलवरचा चालणार नाही. मी हे माझ्या आईसोबत केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही नागपूरला प्रतापनगरात राहतो. मागच्या वर्षी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आई पडली. हॉलच्या खिडकीतल्या कूलरमध्ये पाणी भरताना पाइप निसटला, फरशीवर पाणी सांडलं. ती दुपारचा चहा टाकायला उठली, घसरली, हात टेकवला आणि मनगट मोडलं. दीड महिन्याने प्लास्टर निघालं, हाड जुळलं. पण तिचं चालणं बदललं होतं. भिंत, फ्रिज, मग डायनिंगची खुर्ची असं धरत धरत ती स्वयंपाकघरात जायची. पाऊल उचलायचीच नाही, घासत न्यायची. संध्याकाळी मैत्रिणींसोबत ट्रॅफिक पार्कला जाणं बंद केलं. पडायच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो, त्याने पायातली ताकद जाते आणि मग खरोखरच तोल जायला लागतो. तुमच्या आईंचंही असं होत असेल तर थांबू नका.

आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे निन्टेंडो या व्हिडिओ गेम कंपनीचा बॅलन्स बोर्ड होता. २००७ साली बाजारात आलेली जुनीच वस्तू. दिसायला पूजेच्या पाटासारखा, आईही त्याला पाटच म्हणते. त्याच्या चार कोपऱ्यांना वजन मोजणारे सेन्सर असतात, त्यामुळे उभं राहिलेल्या माणसाचा भार कुठे पडतोय ते पडद्यावर ठिपक्याने दिसतं. पहिल्या दिवशी आई त्यावर उभी राहिली तर ठिपका चांगलाच डावीकडे. पडली उजवीकडे होती, म्हणून उजव्या पायावर तिने विश्वास टाकणंच सोडलं होतं, आणि हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. आम्हाला तर नव्हतंच.

"हे काय लेकरांचे खेळ मला खेळवून राहिले," असं ती म्हणालीच. गेम साधा होता. पडद्यावर एक फळी, फळीवर गोळ्या. आपण ज्या बाजूला झुकू तिकडे फळी कलते आणि गोळ्या भोकात घालायच्या. त्याआधी आठवडाभर त्या मॅडम तिला "उजव्या पायावर भार द्या आजी" म्हणत होत्या, आणि ते ऐकलं की आई अंग ताठ करून घ्यायची. इथे उजवीकडचं भोक चुकायला लागलं आणि ती आपोआप उजवीकडे झुकली. लक्ष पायावर नव्हतं, गोळीवर होतं. मी मागे उभी होते. तिची उजवी टाच घट्ट टेकलेली मला दिसली, कितीतरी दिवसांनी. माझ्या मते या गेमची सगळी किंमत इथेच आहे. भीती वाटणाऱ्या माणसाला "भिऊ नका" सांगून काही होत नाही, त्याचं मन दुसरीकडे गुंतवावं लागतं.

पण जागच्या जागी झुकणं ही अर्धीच गोष्ट झाली. आपण अडखळतो तेव्हा वाचवतं ते चटकन योग्य दिशेला टाकलेलं पाऊल. वय वाढलं की ते पाऊल उशिरा पडतं, कारण कुठे टाकायचं हे ठरवायलाच मेंदूला वेळ लागतो. म्हणून जमिनीवर पाऊल कुठे पडलं ते ओळखणारी, चौकोन आखलेली चटई आणि पडद्यावर बाण, बाण दिसला की त्या चौकोनात पाऊल, हा प्रकार मला जास्त मोलाचा वाटतो. त्यावर मोठा अभ्यासही झालाय. सिडनीच्या संशोधकांनी ६५ वर्षांवरच्या ७६९ लोकांना घेऊन वर्षभर प्रयोग केला आणि तो २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आला. एका गटाने घरी चटईवर पावलं टाकत गेम खेळायचे, आठवड्याला दोन तासांचं उद्दिष्ट. दुसऱ्या गटाने तसेच गेम बसून, हाताने खेळायचे. तिसऱ्या गटाला फक्त माहिती दिली. या तिसऱ्या गटाच्या तुलनेत पावलं टाकणाऱ्यांचं पडणं २६ टक्क्यांनी कमी झालं. बसून खेळणाऱ्यांमध्ये तसा ठोस फरक दिसला नाही. मोबाईलला नाही म्हटलं ते यासाठी.

दोन तास एकदम नाहीत. आई रोज वीसेक मिनिटं करायची, सकाळी, ऊन चढायच्या आत. सोबत खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि ओटा धरून टाचा उचलणं, हे व्यायाम चालूच होते. त्यामुळे सगळं श्रेय मी गेमला देणार नाही. पण नुसते व्यायाम ती चार दिवसांत टाळायला लागली होती, आणि गेमचा कालचा स्कोअर मात्र तिला पाठ असायचा.

सामान घ्यायची घाई करू नका. आधी फिजिओथेरपिस्टकडे पाच-सहा वेळा करून बघा, आईंना आवडलं तरच घरी आणा. घरी करताना समोर जड खुर्ची किंवा ओटा हाताशी हवा, आणि सुरुवातीला मागे माणूस हवाच. मोजे घालून अजिबात नको. चटई सरकत नाही ना, ते स्वतः उभं राहून बघा. पाटासारखा बोर्ड असेल तर खरा धोका खेळताना नसतो, खेळ संपल्यावर मागे न बघता उतरण्यात असतो. आमची आई दोनदा तशीच उतरत होती, दोन्ही वेळा मी धरलं.

आणि गेम सुरू करायच्या आधी एक दिवस डॉक्टरांकडे औषधांची पूर्ण पिशवी घेऊन जा. बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की ती अजून वाढते. बीपी बसून आणि मग उभं करून, दोन्ही मोजायला सांगा. चष्मा तपासून घ्या. रात्री बाथरूमच्या वाटेवर लाइट ठेवा. कूलरचा पाइप चालायच्या वाटेतून हटवा. आमचा आता बाहेरच्या बाजूने नेलाय.

फरक पडतोय की नाही हे घरीच मोजता येतं. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आईला सुरुवातीला १९ लागले होते, चार महिन्यांनी १३. अजून १२ च्या आत आली नाही, म्हणून चटई चालूच आहे. तुम्ही आजच तुमच्या आईंची वेळ घेऊन तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे फिजिओथेरपिस्टला दाखवता येईल. खाजगीत परवडत नसेल तर नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, फिजिओथेरपी विभाग आहे. तिथे असा गेम असो वा नसो, तोलाची तपासणी आणि व्यायाम तरी नीट सुरू होतील.